उसनी बॅटरी

आमच्या जीपला शिव्या द्यायचा हक्क फक्त माझा आहे. वडिलांनी, धर्माजींनी, ती घेतली तेव्हा मी बारावीला आपटी खाऊन घरी बसलो होतो. वडील गेल्यावर तिनंच घर चालवलं. मढहून पाशिंजर भरायचं, वाटेत ओतूर घ्यायचं, जुन्नरला रिकामं करायचं, हाच माझा धंदा. आमची वस्ती डिंगोऱ्यात, रस्त्याला लागूनच. तिचा पत्रा सडला, सीटांतला काथ्या बाहेर आला, पण तिनं कधी मला वाटेत सोडलं नाही. म्हणून पावसाळा सरता सरता ती रोज सकाळी मुकी राहायला लागली, तेव्हा मला ते गाडीचं दुखणं वाटलं नाही, माझा अपमान वाटला.

चावी फिरवली की नुसतं टक्. परत फिरवली की तेही नाही. मग सगळं घर मागं लागायचं. घरापुढं थोडा उतार आहे, त्यावरून माझी म्हातारी आई प्रयागबाई, बायको वृषाली आणि धाकटा भाऊ आदेश गाडी रेटायचे. मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचो आणि ती खोकत खोकत चालू व्हायची. आईला मी किती वेळा म्हटलं, तू हात लावू नकोस. पण ती पदर खोचून सगळ्यांच्या आधी हजर. सगळ्यात जास्त जोर मात्र आदेशचा. घामाघूम व्हायचा बिचारा, आणि मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

गाडी हलली की आई लगेच म्हैस सोडायची आणि मक्याच्या बांधावरून ओढ्याकडं चरायला न्यायची. कासरा हातात, आई पुढं आणि भोरी म्हैस मागं, हा तिचा शिरस्ता. जनावर पुढं आणि बाई मागं म्हणजे गबाळा कारभार, असं ती वृषालीला नेहमी ऐकवायची.

बॅटरी दिवसभर ठीक चालायची. रात्री उभी केली की सकाळी मढं. ओतूरच्या स्टँडवर पोरं विचारायला लागली, "कुंडलिकराव, तिकीट किती आणि ढकलायचे किती कमी करणार?" मी दोघांना गाडीतून खाली उतरवलं, पण राग गेला नाही. सरळ जुन्नरला राजमहंमद चाचांच्या दुकानात गाडी घातली आणि उतरायच्या आधीच म्हणालो, तुम्ही नवी तार गुंडाळून भरलेला डायनामो गेला.

चाचांचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या बोळात आहे. तालुक्यातल्या जुन्या गाड्यांचं वायरिंग निम्मं त्यांच्या हातचं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असतात. माणूस साठीचा, तोंडानं तिखट. डायनामोला नाव ठेवलं म्हणजे त्यांच्या खानदानाला नाव ठेवलं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि माझ्याकडं पाठ करून कामाला लागले.

पहिल्यांदा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. पट्टा ताठ होता. मग गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावलं, काटा चौदाच्या वर गेला. दिवे लावले, हॉर्न वाजवला, तरी काटा फारसा हलला नाही. म्हणजे डायनामो बॅटरीला हवं तेवढं पाजत होता. चाचांनी मीटर माझ्या नाकापुढं धरलं आणि माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही.

मग गाडी बंद करून त्यांनी बॅटरीची एक वायर सोडली आणि मध्ये एक छोटा बल्ब जोडला. गाडीत कुठं चोरटी गळती असेल, एखादी वायर घासून पत्र्याला टेकत असेल, तर हा बल्ब पेटतो. बल्ब पेटला नाही. त्यांनी दार हलवलं, स्टिअरिंग फिरवलं, टपावरून थापा मारल्या. बल्ब मिटलेलाच. बॅटरीचं पाणी पाहिलं, अर्थिंगचा बोल्ट खोलून घासून परत बसवला. बॅटरी म्हातारी होती, पण एका रात्रीत मरावी इतकी नव्हती.

  एवढं झाल्यावर चाचा चष्मा कपाळावर सारून बॅटरीवर वाकले. मग मला बोलावून त्यांनी बोट दाखवलं. बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खुंट्यांवर मी ग्रीस लावलं होतं. त्या ग्रीसमध्ये दातांच्या खुणा होत्या. कुणीतरी चिमटे लावले होते, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

"तुझ्या गाडीत काय बी बिघाड न्हाई," चाचा म्हणाले. "तुझी बॅटरी कुणीतरी रोज पितंय."

माझ्या डोक्यात एकच नाव आलं, कुशाबा. आमचा शेजारी. बांधावरून त्याच्याशी माझं वाकडं, आणि संध्याकाळी लाईट गेली तरी त्याच्या घरातला टीव्ही चालू असतो हे मी स्वतः ऐकलंय. मी चाचांना म्हटलं, आज बॉनेटला कुलूप घालतो आणि कुशाबाला धरून आणतो. चाचांनी मला वेड्यात काढलं. नुसत्या संशयावर भांडशील आणि तोंडघशी पडशील, म्हणाले. त्यांनी माझी बॅटरी काढून चार्जिंगला लावली आणि दुकानातली ट्रॅक्टरची मोठी बॅटरी, काठोकाठ भरलेली, मला उसनी दिली. बॉनेट उघडंच ठेवायचं, चोराला येऊ द्यायचं, आणि सकाळी गाडी सुरू होवो न होवो, पहिल्यांदा दुकानात आणायची. किती प्यायलाय ते मीटरवर दिसलं की काय चालवतोय ते कळेल. टीव्ही असेल तर टीव्ही, दुसरं काही असेल तर दुसरं.

तपासायची ही त्यांची रीत मला पटली. खोटं कशाला बोलू, मला मजाही वाटली. उंदराला पिंजऱ्यात भजं ठेवावं तसं मी ते मोठं धूड बॉनेटखाली बसवून घरी आलो.

घरी सगळ्यांना सांगितलं. गाडीला काही झालेलं नाही, चोर आहे, आणि चोर कोण तेही मला माहीत आहे. वृषाली म्हणाली, उगाच कुणाचं नाव घेऊ नका. आईनं बोटं मोडून चोराच्या सात पिढ्या काढल्या. आदेशनं मोठी बॅटरी तेवढी वाकून पाहिली.

दिवेलागणीपासून मी ओट्यावर बसून राहिलो, नजर कुशाबाच्या दारावर. त्याची सून पाणी भरून गेली, नातू खेळून गेला. कुशाबा बाहेर आला, मी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं, तो बिचारा आत गेला. जेवायची हाक आली तेव्हा मी उठेना. आदेशच आला आणि म्हणाला, दादा, तू जेव निवांत, मी बघतो गाडीकडं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आत गेलो. भावासारखा भाऊ, असं मी वृषालीला ताटावर बसून म्हणालो. 

सकाळी चावी फिरवली आणि जीप अशी फुरफुरत सुरू झाली, की मागं रेटायला उभं राहिलेलं घर दचकलं. आई टाळ्या पिटायला लागली. आदेश हात तसेच पुढं धरून उभा होता, तोंड उघडं. मी हॉर्न दिला आणि निघालो. मला वाटलं, चोर-बीर कुणी नाही, आपली जुनी बॅटरीच मेलेली होती आणि चाचांनी खुणा-बिणा दाखवून मला गंडवलं. ओतूरला पाशिंजरसाठीही थांबलो नाही. कधी एकदा चाचांच्या तोंडावर सांगतो असं झालं होतं.

दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी तोफ डागली. चाचांनी ऐकून घेतलं आणि मीटर लावलं. मग मीटर काढून परत लावलं. मग बॅटरीची सहाही बुचं काढून नळीनं पाणी ओढून पाहिलं.

"अर्धी खाल्लीय," ते म्हणाले. "ही माझी सगळ्यात मोठी बॅटरी हाय, म्हणून तुझी गाडी लागली. टीव्ही एवढी खात न्हाई, बाबा. कुणीतरी दुसरी मेलेली बॅटरी आणून हिला जोडली. हिच्यातनं तिच्यात भरून घेतलं. तुझ्या घरात दुसरी बॅटरी कुणाकडं हाय?"

मी हसलो. म्हटलं, घरात एकच गाडी, दुसरी बॅटरी कशाला असेल. आणि ते बोलता बोलताच मला आठवलं. गेल्या साली बदललेली जुनी बॅटरी मी गोठ्यात टाकून दिली होती. मागच्या आठवड्यात कडबा काढताना ती जागा रिकामी दिसली, वाटलं आईनं भंगारवाल्याला दिली. तेवढ्यावर डोकं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ते थांबेना. आदेशनं तारेचं एक भेंडोळं आणलं होतं. आमच्याकडं टोमॅटोच्या मांडवाला तार लागतेच, घरात तार दिसली तर कुणी विचारत नाही. पण यंदा आम्ही टोमॅटो लावलाच नव्हता. यंदा आदेशनं हट्टानं मका केला होता, त्याचं स्वतःचं पहिलं पीक. मक्याच्या कडेनं काठ्या रोवलेल्या मी पाहिल्या होत्या, काठ्यांवर प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे. मला ते बुजगावण्याचं सामान वाटलं होतं. आणि बॅटरीचा करंट घरच्या लाइटीएवढा जोरकस करणारा जुना इन्व्हर्टर त्यानं मित्राला देऊन टाकला, असं सांगितलं होतं.

डोंगरातनं रानडुकरं उतरतात. मागच्या साली त्यांनी कुशाबाचा मका एका रात्रीत लोळवला. त्याच सुमाराला पलीकडच्या एका गावात, डुकरांसाठी लावलेल्या तारेला चिकटून पाणी धरायला गेलेला एक माणूस गेला. मी त्याच्या मातीला जाऊन आलो होतो. आल्यावर आंघोळीच्या आधी, अंगणातच आदेशला सांगितलं होतं, आपल्या रानात करंट लागणार नाही. तो हो म्हणाला होता.

 पहिला फोन वृषालीला केला. वाजत राहिला, ती धुणं घेऊन गेली असणार. आई फोन वापरत नाही. मग आदेशला केला. तो डेअरीला दूध घालायला ओतूरला गेला होता, मागं कॅनांचा आवाज येत होता.

"आदेश, मक्याला करंट लावलाय का?"

 मी परत विचारलं नाही. मला वाटतं, तो नाही म्हणेल या आशेवर मी थांबलो होतो.

"दादा, रातीपुरता," तो म्हणाला. "तुला कळू दिलं न्हाई, कारण तू... पर सकाळी त्यात काय ऱ्हात न्हाई, दादा. जुनी बॅटरी हाय, मध्यान रातीलाच मरती. म्हणून तर मी सकाळी काढायला बी जात न्हाई. रोज सकाळी ती मेलेलीच असती."

"काल कशानं भरलीस?"

पलीकडं कॅन आपटल्याचा आवाज आला. मोठ्या बॅटरीनं जुनी काठोकाठ भरली होती, आज सकाळी ती मेलेली नव्हती. सकाळी रेटायला पुढं केलेले हात, गाडी लगेच सुरू झाल्यावर उघडं राहिलेलं त्याचं तोंड, हे सगळं मला तेव्हा कळलं, आणि त्यालाही बहुधा तेव्हाच. "आई," एवढंच तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मी जीपमध्ये चढलो तर चाचा शेजारी येऊन बसलेले होते, मांडीवर रबरी हातमोजे. दुकान तसंच उघडं टाकून आले होते. वाटेत ते एकदाच बोलले. बॅटरी माझी हाय, म्हणाले.  मला त्यांचाही राग आला होता, बॅटरीचाही, स्वतःचाही. गाडी रोजच्यासारखी मेली असती तर आईनं रेटली असती, आणि मग मेलेल्या तारेशेजारून ती ओढ्याला गेली असती, रोज जाते तशी. मी तक्रार केली, चाचांनी इलाज केला, आणि इलाजच नेमका तिच्या वाटेत जाऊन उभा राहिला. कासरा धरून पुढं चालते ती. पुढं. माझ्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. वृषालीचा फोन मी चालवता चालवता लावत राहिलो आणि तो वाजत राहिला. रस्त्यानं हात करणारी माणसं मला ओळखत होती, पण मी एकालाही ओळखत नव्हतो.

घरापाशी आदेशची मोटरसायकल आडवी पडली होती, चाक फिरत नव्हतं, दुधाचे रिकामे कॅन रस्त्यावर. मी मक्याकडं पळालो. चाचांना पळवत नव्हतं, तरी ते मागून ओरडत होते, कशाला हात लावू नको, कशाला हात लावू नको.

बांधावर भोरी पडली होती. चारी पाय ताठ, तोंडात मक्याचं हिरवं पान तसंच. आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन आई बसली होती, जिवंत, तिच्या कपाळावरून हात फिरवत. मी तिथंच बांधावर खाली बसलो. 

आदेश मक्याच्या कडेला उभा होता, हातात ती जुनी बॅटरी, पोटाशी धरलेली. तो आमच्याही आधी पोचून वायरी तोडून आला होता. तो बघत होता तिकडं मी पाहिलं आणि मला सगळं कळलं. म्हैस पडताना तार तुटली होती आणि तिचं टोक गवतात, आईच्या पावलापासून हातभर अंतरावर पडलं होतं. आदेश येईपर्यंत त्यात जीव होता. आणि आई तोवर तिथंच बसून होती, पाय मागं-पुढं करत.

"पान लागलं रे हिला," आई मला म्हणाली. तिला वाटलं, साप चावला. "हाक मारायच्या आत पडली. मी आले तर डोळं फिरवून मोकळी."

मी उठलो आणि आदेशवर हात उगारला. तो हलला नाही, बॅटरीही खाली ठेवली नाही. मार खायला उभा राहिला होता तो, आणि म्हणूनच माझा हात खाली आला. चाचा येऊन पोचले, धापा टाकत त्यांनी मोजा चढवला आणि ते तारेचं टोक उचलून बाजूला केलं. मग मोजे काढून म्हशीशेजारी ठेवले आणि माझ्याकडं पाहिलं. सांगायचं मलाच होतं.

"आई, पान न्हाई लागलं," मी म्हणालो. "तारंत करंट व्हता."

तिनं तारेकडं पाहिलं. काठ्यांकडं पाहिलं, एकीवरून दुसरीवर, पार ओढ्यापर्यंत. मग आदेशच्या हातातल्या बॅटरीकडं. तिचा हात म्हशीच्या कपाळावरच थांबला. आदेश रडायला लागला, मोठ्यानं, लहानपणी रडायचा तसा. ती त्याला गप्पही म्हणाली नाही.

"कुशाबाची नातवंडं साळंला हितनंच जात्यात," ती म्हणाली. बराच वेळ ती त्या वाटेकडं बघत होती. चाचा तोंड फिरवून उभे राहिले.

मग मी विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवेना. म्हटलं, आई, तू तर रोज पुढं असतेस. कासरा धरून पुढं. आज म्हैस पुढं कशी?

"आज गाडी लगीच लागली न्हवं," आई म्हणाली. "लई बरं वाटलं मला. किती दिसांनी असा गेलास म्हणून रस्त्यावं उभी ऱ्हाऊन बघत बसले. तू पार वळणाआड जाईस्तोवर. तेवढ्यात ही कासरा सोडवून माझ्याम्होरं निघून आली."

मी हॉर्न देऊन निघालो होतो. वळणापर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.